उभा फोटो

"हे उद्या बॅगेत जाणार नाही," बाय म्हणाली आणि तिनं ब्रॅकेट टेबलाच्या खणात टाकून खण लावला.

आप्पांनी खण परत उघडला. ब्रॅकेट बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, त्याचा फिरता हात एकदा आडवा, एकदा उभा करून पाहिला. मग कॅमेरा त्यावर बसवला, वर फ्लॅश चढवला आणि सगळं जुळलेलं ते प्रकरण तिच्यासमोर ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

वाशिंद स्टेशनाबाहेरचा हा गाळा. वैशाखातली दुपार होती. पंखा गरम हवाच फिरवत होता. कसारा लोकल आली की बोलणं अर्धा मिनिट थांबवायचं आणि ती गेली की तिथूनच पुढं सुरू करायचं, अशी इथली जुनी सवय आहे. दुसऱ्या रात्री भातसा नदीपलीकडच्या एका पाड्यावर हळद होती, तिची तयारी चालली होती. बाय म्हणजे आप्पांची मुलगी. आमच्याकडे मुलीला लाडानं बाय म्हणतात आणि पुढं तेच नाव राहतं. गेली सहा वर्षं ती लग्नं करते: इकडे शहापूर-मुरबाडची, तिकडे कल्याण-डोंबिवलीची. आप्पा पस्तीस वर्षांहून जास्त काळ करतायत. मी या दोघांमधला. शाळा सुटल्यावर दहा-अकरा हंगाम मी आप्पांचा लाइट धरला. पुढे नोकरी लागली, लाइट सुटला; पण कुठलाही फोटो हातात आला की माझी नजर आधी चेहऱ्यावर जात नाही, चेहऱ्यामागच्या भिंतीवर जाते. सावली कुणीकडे पडली आहे, ते आधी दिसतं.

बायनं ते जुळलेलं प्रकरण उचललं आणि शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. दुकानदारानं गुळाची ढेप बाजूला सरकवून जागा करून दिली. आकडा आला 2 किलो 640 ग्रॅम.

"बघा आप्पा. निकॉन डी750 बॅटरीसकट 840 ग्रॅम, 24-70 लेन्स 900, फ्लॅश चार सेल धरून अर्धा किलोच्या वर. उरलेलं तुमचं ब्रॅकेट आणि वायर. हे मी एका हळदीत हजार-बाराशे वेळा डोळ्याला लावते. आडवा फोटो असेल तर निदान वजन दोन्ही हातांवर सरळ येतं. उभा करायला गेलं की सगळं मनगटावर. पौषात काय झालं होतं माझं?"

पौषात तिला तीन आठवडे उजव्या हातानं भाकरी थापता येत नव्हती. मनगटाला पट्टा बांधून ती लग्नांना जात होती. आप्पांना हे माहीत होतं. त्यांनी मान हलवली, पण ब्रॅकेट खाली ठेवलं नाही.

"वजन आहे, मान्य. पण मी हे हौसेनं वागवलं का? भाऊ, तू उठ, त्या भिंतीला टेकून उभा राहा."

मी उभा राहिलो. आप्पांनी गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि ती कॅमेऱ्याच्या बरोबर वर धरली.

"आता कॅमेरा आडवा आहे, फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर. सावली कुठं आहे?"

"मानेच्या मागे, खाली," बाय म्हणाली.

"दिसते का?"

"जवळजवळ नाही."

आप्पांनी कॅमेरा उभा केला. त्याच्याबरोबर बॅटरीही कुशीवर वळवली, कॅमेऱ्यावरच्या खाचेत, म्हणजे शूवर, फ्लॅश असता तर तो जसा वळला असता तशीच. मला माझी सावली दिसत नव्हती, पण ती काय झाली असेल हे मला अंगवळणी पडलेलं आहे. उजव्या की डाव्या कानाला चिकटून एक काळा माणूस उभा राहतो. नाकाची सावली गालावर आडवी पडते. अंबाडा असेल, पदर असेल, मुंडावळ्या असतील, तर त्यांच्या काळ्या रेघा भिंतीवर उमटतात आणि बघणाऱ्याचा डोळा चेहरा सोडून तिकडे जातो.

"म्हणून हे ब्रॅकेट," आप्पा म्हणाले. "कॅमेरा वळला तरी फ्लॅशचा हात परत वर आणायचा. उजेड डोक्यावरूनच आला पाहिजे. सूर्य वरून, चंद्र वरून, घरातला दिवा वरून. माणसाचा चेहरा आपल्याला तसाच ओळखीचा असतो."

खरं तर आप्पांनी धंदा सुरू केला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्यांचा पहिला कॅमेरा याशिका मॅट 124 जी. 120 चा रोल, बारा फोटो, आणि फोटो चौकोनी. चौकोनाला उभं-आडवं नसतं. छातीशी धरायचा, वरून काचेत बघायचं, फ्लॅश बाजूच्या पट्टीवर कायम एकाच जागी. कॅमेरा कधी वळतच नसे, त्यामुळे उजेडही वळत नसे. उभा फोटो हवा असेल तर प्रिंट करताना दोन बाजू कापायच्या. मग 35 मिलिमीटरचा कॅमेरा आला, रोलमागे छत्तीस फोटो आले, आणि त्याबरोबर कॅमेरा कुशीवर वळवणं आलं. सावलीचा हा सगळा ताप तिथून पुढचा आहे.

त्याच सुमाराला आप्पांनी मेट्झ 45 घेतला. जर्मन कंपनीचा हा फ्लॅश 1976 पासून बाजारात होता आणि लग्नाच्या फोटोग्राफरांमध्ये त्याला मोठा मान होता. खाली जाड मूठ, वर डोकं, हातात घेतला की खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा. आप्पा त्याला बत्ताच म्हणत. त्याचा गाइड नंबर 45. म्हणजे 100 आयएसओच्या रोलवर एफ 8 ठेवलं तर साडेपाच मीटरपर्यंत उजेड पुरणार. पंचेचाळीसला आठानं भागायचं, झालं. अंधाऱ्या पाड्यावर, विजेचा एकच पिवळा बल्ब असलेल्या मांडवात, साडेपाच मीटर म्हणजे मांडवाचा दुसरा खांब. तेवढ्या जोरावर आप्पांनी अर्धा तालुका टिपला.

बत्ता कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला पट्टीवर बसायचा. त्यामुळे कॅमेरा उभा करताना कुठला हात वर जातो, यावर सगळं ठरायचं. शटरचा उजवा हात वर नेला की बत्ता खाली जायचा आणि उजेड हनुवटीखालून यायचा. नवरी भुतासारखी दिसायची. उजवा हात खाली आणला की बत्ता वर, लेन्सच्या माथ्यावर. मी पहिल्याच हंगामात शिकलो ते हे: उजवा हात खाली. आप्पा कॅमेरा वळवायला लागले की मी मनातल्या मनात तेच म्हणत असे. आज तो बत्ता माळ्यावर आहे, पण आप्पांचा उजवा हात अजून खालीच जातो.

"तेव्हा ठीक होतं," बाय म्हणाली. "बत्त्याचं वजन मुठीवर होतं, डावा हात ते धरत होता. कॅमेऱ्याच्या शूवर ते कधीच आलं नाही. आताचा फ्लॅश शूवर बसतो. त्याचा पाय केवढा असतो? पावणेदोन-दोन सेंटिमीटर रुंद. त्यावर अर्धा किलो. आडवा असताना वजन सरळ खाली जातं, तोवर काही होत नाही. उभा केला की काय होतं? भिंतीतल्या खुंटीच्या अगदी टोकाला भरलेली पिशवी अडकवावी तसं."

"म्हणून तर ब्रॅकेट वापर म्हणतो. त्यात फ्लॅश वळतच नाही, सरळच राहतो."

"आणि तुम्ही ब्रॅकेट नेलं नव्हतं, त्या दिवशी?"

आप्पा गप्प झाले. तो दिवस मलाही आठवतो. मुरबाडकडचं लग्न, मंगळाष्टकं संपत आलेली, अंतरपाट खाली येण्याच्या बेतात. आप्पांनी कॅमेरा उभा केला. फ्लॅश आधीपासूनच हलत होता. पायाची चकती घट्ट केली तरी पुन्हा सैल व्हायची. दोन-तीन फोटो पांढरेफटक आले होते, कारण फ्लॅशचा पाय जरासा सरकला की मधला खिळा टेकलेला राहतो, फ्लॅश उडतो, पण बाजूच्या पिनांमधून कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांशी जे बोलतात ते बोलणं तुटतं. मग किती उजेड द्यायचा हे फ्लॅशला कळत नाही. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि त्याच क्षणी पाय मोडून फ्लॅश आप्पांच्या खांद्यावरून खाली गेला. हार घातल्याचा फोटो मिळाला नाही. आप्पांनी मुलीच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं, पैसे कमी घेतले. पण त्या मुलीच्या अल्बममध्ये हाराचा फोटो नाही तो नाहीच.

मला वाटतं, आप्पांचं ब्रॅकेटवरचं प्रेम त्या दिवशी घट्ट झालं आणि बायचं कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशशी वैरही त्याच दिवशी. ती तेव्हा दहावीत होती आणि सोबत आली होती.

"पाय मोडला ते एका अर्थी बरं झालं," ती म्हणाली. "शूच उखडला असता तर कॅमेरा गेला असता. पण मुळात एवढा जड फ्लॅश कॅमेऱ्याला लटकवायचाच कशाला? तुम्ही 100 आयएसओचा रोल घालत होता. मी आज 6400 वर काढते. चौसष्ट पट. तुमच्या बत्त्यानं जे केलं ते मला त्याच्या चौसष्टाव्या भागात होतं. एवढासा उजेड पुरतो मला. आणि तो कॅमेऱ्यावर नको, लांब हवा. शूवर फक्त तो लांबचा फ्लॅश उडवणारा ट्रिगर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वजनही नाही. फ्लॅश बाजूला, उंच. मी कॅमेरा आडवा करीन, उभा करीन, उलटा करीन. उजेड आपल्या जागी."

हे तिनं इतक्या पोटतिडकीनं सांगितलं की आप्पांनी पहिल्यांदा ब्रॅकेट टेबलावर ठेवलं.

"बरं. आता मी विचारतो त्याचं उत्तर दे. फ्लॅश लांब ठेवणार, कशावर?"

"स्टँडवर."

"हळदीत? बेंजो सुरू झाल्यावर दीडशे माणसं नाचतात त्या अंगणात? पोरं पळतात, वायरी पसरलेल्या असतात, हळदीचे हात घेऊन बायका धावतात. तुझा स्टँड पहिल्या गाण्याला आडवा. आणि नवरी अंगणातून देव्हाऱ्यापाशी गेली, तिथून चुलीपाशी गेली, तर स्टँड चालत जाणार का तिच्यामागे? माझा फ्लॅश माझ्याबरोबर चालतो. अंतरपाट खाली आल्यापासून हार पडेपर्यंत किती वेळ असतो? दहा सेकंद. तेवढ्यात मी आडवा काढतो, हात फिरवतो, उभा काढतो."

"तिथं तर तुमचं ब्रॅकेट सगळ्यात जास्त लागतं, ते मी मान्य करते," बाय म्हणाली. तिनं ते मनापासून मान्य केलं, आणि मला ते आवडलं. कारण हाराच्या वेळी दोघं समोरासमोर असतात, जवळ असतात. फ्लॅश बाजूला झुकलेला असेल तर एकाची सावली थेट दुसऱ्यावर पडते. नवरा उंच, त्याला फेटा. फ्लॅश त्याच्या बाजूनं आला की नवरीचा निम्मा चेहरा फेट्याच्या सावलीत. माणूस एकटा असेल तर एक युक्ती चालते: त्याचं नाक जिकडे वळलंय तिकडच्या बाजूला फ्लॅश येईल असा कॅमेरा उभा करायचा, सावली डोक्यामागे जाते. पण दोघं एकमेकांकडे बघत असतील तर कुणाच्या नाकाकडे फ्लॅश न्यायचा? वरूनच यावा लागतो.

"पण तुमचा उजेड सरळ तोंडावर येतो ना आप्पा. वरून असला तरी कॅमेऱ्याच्या दिशेनंच. हळद ओली असते, तेलाची असते. कपाळ चमकतं, गाल चमकतात, सगळा चेहरा सपाट. आणि मागचा मांडव काळा. नवरी दोन मीटरवर, तिचे आईबाप चार मीटरवर, तर त्यांच्यापर्यंत चौथा हिस्साच उजेड पोचतो. अंतर दुप्पट, उजेड पाव. तुमच्या जुन्या अल्बमात नवरी दिसते आणि तिची आई अंधारात उभी असते. ती आई तिथं होती, रडत होती, ती फोटोत कुठंय?"

"मग छतावर मारायचा. आम्ही काय मारत नव्हतो?"

"कुठलं छत? हॉलमध्ये पांढरा स्लॅब असेल तर मीही मारते. फ्लॅशचं डोकं वळणारं असेल तर कॅमेरा उभा केल्यावरही ते छताकडे फिरवता येतं. तुमचा जुना व्हिव्हिटार 283 नुसता वर-खाली व्हायचा, बाजूला वळायचा नाही. कॅमेरा उभा केला की त्याचा उजेड छताऐवजी बाजूच्या भिंतीवर. आणि पाड्यावर तर वर भगवा नाहीतर गुलाबी कपडा. त्यावर उजेड आपटला की नवरी गुलाबी. उघड्यावर तर वर आभाळ. आभाळावर आपटून उजेड परत येत नाही."

आप्पांनी यावर एक गोष्ट सांगितली जी मला पटली आणि बायलाही पटली असावी, कारण ती मध्ये बोलली नाही. ते म्हणाले, "तू फ्लॅश न लावता काढलेले गेल्या महिन्यातले फोटो मी पाहिले. छान आहेत, माणसं हलताना दिसतात, मागचा मांडव दिसतो. पण डीजेचे लाइट जांभळे होते. हळद जांभळी दिसते, बाय. ज्या रंगासाठी तो दिवस, तोच रंग फोटोत नाही. माझ्या फोटोत चेहरा सपाट असेल, पण हळद पिवळी असते."

कसारा लोकल आली, गेली. कुणीच लगेच बोललं नाही.

मला इथं माझं म्हणणं मांडायचं आहे, कारण मी बराच काळ ऐकत बसलो होतो आणि दोघंही एक माणूस विसरत होते. स्टँड चालत नाही, बरोबर. ब्रॅकेट मनगट मोडतं, तेही बरोबर. पण लाइट धरणारा पोरगा चालतो. मी दहा वर्षं तेच केलं. तेव्हा आप्पांनी मला मुख्य उजेड दिला नव्हता. मी व्हिडिओवाल्याचा हॅलोजन धरायचो आणि कधी कधी आप्पांचा दुसरा फ्लॅश, वायरीनं जोडलेला. पण आप्पा कॅमेरा वळवायला लागले की माझा हात आपोआप वर जायचा. कुणाची सावली कुणावर जातेय हे मला त्यांच्या आधी दिसायचं, कारण त्यांचा एक डोळा मिटलेला असायचा आणि माझे दोन्ही उघडे. तो हात कुठल्याही पट्टीपेक्षा लवकर वळतो. आज वायरही लागत नाही.

"काका, पोरगा मिळतो का हल्ली?" बायनं विचारलं. "एका रात्रीचे त्याला द्यायचे किती, आणि हळदवाले देणार किती? शिवाय तो मोबाइलमध्ये बघत उभा राहतो."

"शिकवावं लागतं. मलाही आप्पांनी शिकवलं."

"काय शिकवलं?"

मी सांगितलं. नवरीच्या तोंडापेक्षा दोन वीत वर. समोरून नाही, समोर आणि बाजू यांच्या मधे. भिंत जवळ असेल तर माणसाला दोन पावलं पुढं ओढायचं, मग सावली माणसाला चिकटत नाही, बाजूला आणि खाली सरकते. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर थेट उजेड मारायचा नाही. मोतीबिंदू काढलेला असतो, बिचारं दचकतं आणि फोटोत डोळे मिटलेले येतात. आणि शेवटचं: कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं.

आप्पा म्हणाले, "हे मीच सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

बायनं मग गांधीजींची गोष्ट काढली. 1946 साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन फोटोग्राफर गांधीजींचा चरख्यापाशी बसलेला फोटो काढायला आली, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकवलं गेलं आणि मग तीनच फ्लॅशबल्ब उडवायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्यानं फोटो मिळाला, जगभर गेला. बाय म्हणाली, "तो फोटो नीट बघा. खिडकीतला उजेड मागून येतोय, तो तिनं मारून टाकला नाही. फ्लॅश आहे, पण फक्त चरख्याची आणि त्यांची पुढची बाजू अंधारात बुडू नये एवढाच. खिडकी खिडकीच राहिली. मला एवढंच हवंय आप्पा. मांडवातला दिवा दिव्यासारखा दिसू दे, आणि तुमच्या फ्लॅशनं हळद पिवळी ठेवू दे."

"तीन बल्ब," आप्पा म्हणाले. ते त्या तीन बल्बांतच अडकले होते. "तीनच मिळाल्यावर माणूस कसा विचार करून उडवत असेल."

उभ्या फोटोतल्या सावलीचा हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही, याचं कारण सांगतो. आमच्याकडे पाड्यावर फोटोग्राफर आला की एक गोष्ट हमखास होते. लग्नघरातलं म्हातारं माणूस, आजी किंवा आजोबा, हळूच बाजूला येऊन म्हणतं, माझा एकटीचा एक काढ. उभा काढ. पाय दिसले पाहिजेत. पाय कापलेला फोटो आमच्याकडे चालत नाही. पाय तोडला म्हणतात आणि परत काढायला लावतात. हा एकटीचा उभा फोटो कशासाठी, हे काढणाऱ्याला माहीत असतं आणि काढून घेणाऱ्यालाही. पुढं कधीतरी त्यालाच हार घालायचा असतो. मोबाइल आला तरी ही मागणी गेलेली नाही. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो. भिंतीवरचा राहतो. कित्येक घरांत मी अशा तसबिरी पाहिल्या आहेत ज्यांत आजीच्या कानाला चिकटून तिच्याएवढीच एक काळी आजी उभी आहे. वीस वर्षं तिला उदबत्ती लागते, त्या सावलीसकट. त्यातल्या काही फोटोंना मी लाइट धरलेला आहे आणि त्या घरात गेलो की मला मान वर करवत नाही.

हे मी त्या दिवशी गाळ्यात बोललो. आप्पा म्हणाले, "ते ब्रॅकेट यायच्या आधीचे." बाय काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं बॅगेत दोन फ्लॅश भरले, ट्रिगर भरला, आणि रंगाऱ्याची ब्रश लावायची लांब दांडी तिच्या वरच्या टोकाला फ्लॅशचा स्क्रू बसेल अशी करून घेतली. आप्पांनी ब्रॅकेट आपल्या खांद्यावरच्या पिशवीत वेगळं घेतलं. मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मांडवाला उंबराची डहाळी बांधलेली, वर गुलाबी कपडा, खाली शेणानं सारवलेलं अंगण. ओट्यावर धवलारीण धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती, एका लयीत, डोळे मिटून. बेंजो अजून आला नव्हता. नवरीच्या चुलतभावाला, आठवीतल्या पोराला, बायनं दांडी दिली आणि त्याच्यामागे मला उभं केलं. पहिले पाच-सहा फोटो पोरगा कॅमेऱ्याकडेच बघत होता. मी त्याची मान भिंतीकडे वळवली. धवलारणीच्या तोंडासमोर दांडी जायला लागली तेव्हा मी ती मागे ओढली. तिचा फोटो बायनं फ्लॅशशिवाय घेतला, ओट्यावरच्या दिव्यात. बेंजो सुरू झाल्यावर आप्पांनी पिशवीतून ब्रॅकेट काढलं, दुसरा फ्लॅश चढवला आणि गर्दीत शिरले. तिथं दांडी चाललीच नसती. दीड तास ते त्या गर्दीत होते.

साडेदहाच्या सुमाराला नवरीची आजी आली. नवं लुगडं, पायात नवी चप्पल.

"माझा एकटीचा काढ. उभा."

आप्पा थकले होते. त्यांनी गळ्यातलं ओझं उतरवून बाजेवर ठेवलं, बायच्या हातातला हलका कॅमेरा घेतला. वर फक्त ट्रिगर होता. आजी भिंतीला टेकली. बायनं तिला हाताला धरून दोन पावलं पुढं आणलं. पोरानं दांडी उचलली, दोन वीत वर, समोर आणि बाजू यांच्या मधे. ते त्याला आता सांगावं लागलं नाही. आप्पांनी कॅमेरा वळवला. उजवा हात खाली गेला. फ्लॅश तिथं नव्हताच, तरी गेला. एकच उडवला.

बायनं मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, आधी भिंत, मग चेहरा. तिनं कॅमेरा आप्पांकडे दिला. त्यांनीही आधी भिंतच पाहिली.

"पाय आले का?" आजीनं विचारलं.

बायनं तिच्याजवळ बसून फोटो खाली सरकवला, आणि नव्या चपलेतली दहाही बोटं तिला एकेक करून दाखवली.